आंधळगावले जाऊन राहिलो

"ही मुलगी तुमच्यात मिसळायला आली आहे," असं भंडाऱ्याच्या कॉलेजातले प्राध्यापक आमच्या पडवीत बसून म्हणाले, तेव्हा माझ्या आईनं सुपातल्या लाखोळीच्या डाळीवरून मान वर केली.

"मिसळाले? हे काय दाळ आहे का बापा?"

प्राध्यापक हसले. ती मुलगीही हसली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, पण कळलं नाही की हसायचं, असं तिच्या विद्यापीठानं शिकवून पाठवलं असावं. मी हसलो नाही. कोणी घरी येऊन गोड बोलायला लागलं की माझं पहिलं लक्ष त्याला काय पाहिजे इकडे जातं, आणि दुसरं, ते त्याला किती निकडीचं आहे इकडे.

निकड बरीच होती. मुलगी अमेरिकेची, वय वीस. चार महिने पुण्यात मराठी शिकली होती. अभ्यासाचा पुढचा भाग म्हणून तिला तीन महिने खेड्यातल्या एका कुटुंबात राहून त्यांच्यासारखं जगायचं होतं. ज्या घरी ती जाणार होती त्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं होतं. प्राध्यापकांच्या मुलीच्या लग्नातली सगळी भांडी माझ्याकडची, म्हणून त्यांना मी आठवलो.

"संडास आहे ना तुमच्याकडे?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"आमच्यासारखं राहाचं आहे ना तिले?" मी म्हटलं. "मंग आमच्यासारखीच जाईन वावरात. डबा मी देतो. नवा कोरा."

प्राध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी त्यांना तासभर घोळवलं. शेवटी असं ठरलं की सिमेंट, भांडं, पत्र्याचं दार, सगळं त्यांच्याकडून येईल, आणि मुलगी गेल्यावर ते आमचं राहील. ती आमच्यासारखं जगायला आली, आणि त्यासाठी सगळ्यात आधी बांधावं लागलं ते आमच्या गल्लीत कोणाकडेच नव्हतं. त्या अभ्यासाची लायकी मला तेव्हाच कळायला हवी होती.

पण मी तिला ठेवून घेतलं ते संडासासाठी नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा तो हिवाळा. मी तिशीला आलो होतो. बापानं माझ्यासाठी शेत ठेवलं नाही, घर ठेवलं नाही, सायकलही ठेवली नाही. चौदाव्या वर्षापासून मी दुसऱ्याची भांडी डोक्यावर वाहिली. मग स्वतःची सायकल घेतली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पितळेची आणि जर्मनची भांडी बांधून लाखनी, सानगडी आणि आसपासचे आठवडी बाजार करू लागलो. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. जुनी भांडी मोडीत घ्यायची, नवी द्यायची. या धंद्यात वजनापेक्षा जीभ जास्त लागते. मोडीचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, समोर आला की मी तो आधी कानाशी वाजवून पाहायचो, मग तोंड वाकडं करायचो. ते वाकडं तोंड मी कमावलेलं होतं. कोणाकडून शिकलो नाही.

लाखनीत हायवेला लागून, बस थांबते तिथून वीस पावलांवर, एका धान गिरणीच्या मालकाची मोकळी जागा होती. ट्रकवाले तिथं चहाला थांबत. लग्नाच्या खरेदीला आलेली माणसं बसमधून उतरली की त्यांचं तोंड नेमकं त्या जागेकडे होई. आठ वर्षं मी त्या जागेसमोरून सायकल ढकलत गेलो. मला ती भाड्यानं पाहिजे होती. दोन वर्षं मी त्या मालकाच्या मागे लागलो होतो. त्याला मी काकाजी म्हणत असे. वरचे पत्रे कोण टाकेल, समोरचा कडुलिंब कोण छाटेल, नालीवर फरशी कोणाची, त्याचे नातू मोठे झाले तरी मला उठवणार नाही याची जबान. एक गोष्ट त्यानं मान्य केली की मी दुसरी काढायचो. मला त्यात मजा येत होती, हेही सांगून टाकतो. तोही चिवट होता. पण सायकलवरच्या भांडेवाल्याला हायवेवरची जागा देताना माणूस अडतो. ज्याच्या घरी अमेरिकेची बाई राहते त्याला देताना कमी अडेल, असा माझा हिशेब. म्हणून मी तिला ठेवलं.

आठ दिवसांत गावानं तिचं नाव ठेवलं. मी जर्मन विकतो म्हणून ती जर्मनची बाई.

"का गा, जर्मनची बाई आणली म्हन्ते? टिचकी मारून पाह्यली का?" पानठेल्यावर रोज कोणीतरी विचारायचं.

"मोडीत किती भेटन इचे?" दुसरा.

मी ऐकून घेत होतो. गिऱ्हाइकांना तोडून चालत नाही.

आता तिच्या मिसळण्याबद्दल. तिनं माझ्या बायकोचं लुगडं नेसलं आणि ते तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सगळ्या बायकांसमोर सुटलं. ती धान कापायला गेली. पहिल्या अर्ध्या तासात तिच्या हाताला फोड आला, आणि पुढचा अर्धा तास सगळ्या बाया विळे टाकून तो फोड पाहत बसल्या. बांधीचा, म्हणजे त्या धानाच्या शेताचा, मालक मला म्हणाला, "तिले घरीच मिसळू दे, भाऊ." राखेनं भांडी मात्र ती चांगली घासायची. माझ्या बायकोपेक्षाही चांगली. तेवढं कबूल करतो.

मला ती काका म्हणायची. मी तिशीचा. पुण्यात तसं शिकवतात म्हणे.

सानगडीच्या बाजारात मी तिला एकदाच नेलं. माझ्या बाजूला पोत्यावर बसली होती. एका म्हाताऱ्या बाईनं गंज, म्हणजे पातेलं, हातात घेतला, मी भाव सांगितला, म्हातारीनं निम्मा मागितला, मी तोंड वाकडं करून सांगितलं की तेवढ्यात तर माझी खरेदीही नाही. सगळं रीतीनं चाललं होतं. तेवढ्यात म्हातारी हिच्याकडे वळली. "काय व बाई, खरं सांगजो, याची खरेदी केवढ्याची?" आदल्या रात्री घरी हिशेब करताना मी बोललेला आकडा हिनं ऐकला होता, आणि हिनं खरं सांगितलं! मोठ्यानं, एकेक अक्षर वेगळं करून. पुढचे दोन तास माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याशी न बोलता तिच्याशीच बोलत होतं. परत येताना मी तिच्यावर ओरडलो, तर ती म्हणाली, "पण त्यांनी मला विचारलं." जणू कोणी विचारलं की सांगायचं असा नियमच आहे.

तिच्याजवळ एक वही होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे आम्ही बोलू ते, उजवीकडे शुद्ध मराठीत तेच. माझी आई म्हणाली 'काहून', की डावीकडे 'काहून', उजवीकडे 'का'. 'मले' असेल तिथं 'मला'. आमची आई साठ वर्षं जे बोलत होती त्याची दुरुस्ती चार महिन्यांची मराठी घेऊन आलेली पोरगी करत होती. आईला त्याचं काही नव्हतं. रात्री जेवताना ती मुद्दाम अवघड अवघड शब्द काढून द्यायची. "लिव व पोरी, हे बी लिव." आणि हसायची. घरात तिच्यावर नाराज असा मी एकटाच होतो, आणि वहीत काय चाललं आहे ते पाहायची तसदी मीही घेतली नाही. ती माझी चूक. माल न पाहता घेतला.

धान घरी आलं त्या सुमारास काकाजीनं शेवटी मान हलवली. गिरणीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "बस झालं रे बावा. दोन-चार दिवसांत तुह्या गावाकडं येऊन राहिलो वावर पाह्यले. घरी येतो. तिथंच सुपारी फोडू."

माझ्या मनात एकच गोष्ट उरली होती. दुकानाचं दार. पत्र्याचं की लाकडाचं, आणि ते कोण लावून देणार. ती मी सुपारी फोडून सौदा पक्का करायच्या वेळेसाठी ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंधळगावहून निरोप आला. आंधळगाव माझ्या बायकोचं माहेर. सासऱ्यांचा हातमाग. मागावरून उठताना ते पडले होते आणि पाय सुजला होता. बायको दुसऱ्याच्या खळ्यावर कामाला गेलेली. आई तळ्यावर. घरी फक्त ती मुलगी, पडवीत वही घेऊन बसलेली. बसची वेळ होत आली होती. मी चपला घालता घालता तिला सांगितलं.

"कोनी आलं तं सांगजो, मी आंधळगावले जाऊन राहिलो. सासऱ्याचा पाय दुखून राहिला. येतो सांजेले."

तिनं मान हलवली. लिहूनही घेतलं. आपला निरोप कोणी लिहून घेतला की माणूस निर्धास्त होतो.

संध्याकाळची बस चुकली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. लाखनीत हायवेवर उतरलो, तर सायकल दुरुस्तीवाला चाकातून मान वर काढून म्हणाला, "अरे, घरजावई! सुट्टी भेटली का?"

मला वाटलं थट्टा. सासरी एक रात्र राहिलेल्या माणसाची करतात तशी. पुढे चहावाल्यानं विचारलं, "तिकडं आता माग चालवाचा का भांडीच विकाची?" तेव्हा मी थांबलो. वळून पाहिलं. माझ्या जागेवर चार बांबू उभे होते. एक माणूस शिडीवर चढून कडुलिंबाची फांदी कापत होता. तयार कपडे विकणारा होता तो, भंडाऱ्याकडचा. काल संध्याकाळी त्याची सुपारी फुटली होती.

मी गिरणीवर गेलो. काकाजी पोत्यांवर बसून धान तळहातावर चोळत होता.

"काकाजी, हे काय होय?"

"अरे, तू तं आंधळगावले राहाले गेला न? घरजावई होऊन?"

"कोन म्हणलं?"

"तुह्याच घरच्या बाईनं सांगतलं. मी आलो होतो काल. आता जबान देऊन टाकली बावा. तो मानूस फांदी कापून राहिला."

मी बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिरणीच्या दारात पाण्याचा पिंप होता, त्याला मी लाथ मारली. पाणी धानाच्या ढिगाखाली गेलं. हमाल धावले. काकाजी जागचा हलला नाही. फक्त म्हणाला, "हे पाह्य. याच्यामुळंच." मला तेव्हा वाटलं, तो पिंपाबद्दल बोलतो आहे.

घरी आलो तो पेटलेलाच. ती पडवीत होती. काकाजी आले होते हे तिनं मला स्वतःच, हसत, सांगितलं. आपण निरोप नीट दिला याचा तिला आनंद होता. मी तिला शब्दाला शब्द सांगायला लावलं. तेही तिनं आनंदानं सांगितलं.

काकाजीनं विचारलं, "का वो बाई, हाये का तो घरी?"

ती म्हणाली, "नाहीत. ते आंधळगावला राहायला गेले."

"राहाले गेला? सासऱ्याघरी?"

"हो. सासऱ्यांचा पाय दुखतो."

"वापस कवा येते?"

"ते 'येतो' म्हणाले," ती म्हणाली. "पण निघताना सर्वच तसं म्हणतात."

माझा विश्वास बसेना. मी वही ओढून घेतली. डावीकडे लिहिलं होतं, 'जाऊन राहिलो'. उजवीकडे, 'तिकडे जाऊन तेथे राहिलो, म्हणजे राहायला गेलो'. आमच्याकडे माणूस जेवून राहतो, म्हणजे जेवत असतो; तसाच झोपून राहतो, मरून राहतो. सगळं चालू असतं म्हणून राहतो. तीन वर्षांच्या पोराला हे कळतं. हिच्याकडून पुण्यात क्रियापदांचा तक्ता पाठ करून घेतला होता, आणि त्या तक्त्यात आम्ही नव्हतो. वर तिच्या मास्तरांनी तिला हेही शिकवलं होतं की मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि त्याचा अर्थ धरायचा नसतो. तिनं नको तिथं अर्थ धरला आणि पाहिजे तिथं सोडला.

"तुले मी सांजेले येतो म्हणलं होतं!"

"मला वाटलं..." ती रडायला लागली. "काका, मी शुद्ध करून सांगितलं."

तेवढ्यात बायको खळ्यावरून आली. अंगावर तूस, डोक्याला पदर बांधलेला. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तिच्यावर कायले खेकसता जी? तुमाले कोन म्हणलं होतं तिले ठेवाले? अन् जागा देनाराले एवढंच द्याचं होतं तं एक दिवस थांबला नसता का तो? आंधळगाव का लंकेत आहे?"

मी ऐकलं नाही. बायको माहेरचं नाव घेऊन बोलली की मला ऐकू येत नाही, त्यात 'घरजावई' कानात ताजं.

ती मुलगी उरलेले तीन आठवडे राहिली. माझ्याशी ती बोलली नाही आणि मी तिच्याशी. जायच्या दिवशी आईनं तिला कुंकू लावलं, बायकोनं माहेरहून आलेलं कोशाच्या रेशमाचं एक लुगडं तिला दिलं. मला न विचारता. मी बाजाराला निघून गेलो. सगळ्या बाजारात मला वर्षभर घरजावई म्हणत होते. मी चार गिऱ्हाइकं तर मारामारीपर्यंत जाऊन तोडली. पुढे मागच्या गल्लीत, ट्रक तोलायच्या धर्मकाट्याच्या पलीकडे, जिथं ट्रक उलटा वळवायलाही कोणी येत नाही, तिथं एक खोली घेऊन मी दुकान टाकलं. ते चाललं. माझ्या जिभेवर चाललं, जागेवर नाही. बसमधून उतरलेली माणसं आधी कपडेवाल्याकडे जात आणि हात भरलेले असले की घरी जात. मला शोधत येणाऱ्यांना मी मिळायचो.

ती दर नववर्षाला पत्र पाठवायची. शुद्ध मराठीत. आई कशी आहे, बायको कशी आहे, काकांचा राग गेला का. बायको ती पत्रं शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घ्यायची. उत्तर माझ्या हातानं जाणार नव्हतं, आणि बायकोला लिहिता येत नव्हतं.

पाचेक वर्षांनी ते प्राध्यापक दुकानात आले. डोक्यावर केस राहिले नव्हते. हातात एक छापील कागद, इंग्रजी. "छान लिहिलंय हो तुमच्यावर," म्हणाले. मी चहा मागवला आणि म्हटलं, वाचून सांगा.

त्यांनी एकेक वाक्य मराठी करून सांगितलं. या भागातल्या लोकांच्या भाषेत जाणं आणि राहणं एकाच क्रियापदात नांदतं, असं तिनं लिहिलं होतं. त्यामुळे इथला माणूस जिथं जाईल तिथलाच होतो. त्याला जागेची ओढ नाही, मालकीचा सोस नाही. पुढे माझी गोष्ट. नाव नव्हतं, एक फिरता व्यापारी म्हणून. तिच्या चुकीनं त्याचं दुकान गेलं, पण कळल्यावर तो मोकळेपणानं हसला, आणि त्या हसण्यातून तिला काहीतरी शिकायला मिळालं.

"मी हसलो?" मी विचारलं.

"म्हणजे, तसं लिहिण्याची पद्धत असते," प्राध्यापक म्हणाले.

"मी कवा हसलो?"

"अहो, तिनं तुम्हाला चांगलंच दाखवलंय."

"मले जागेची ओढ नाही?" मी उठून उभा राहिलो. "सर, मले दोन वर्षं झोप नव्हती त्या जागेसाठी. मी पिंप उलटा केला. सगळ्या लाखनीनं पाह्यलं. तुमच्या त्या पोरीनं मले वहीत शुद्ध केलं न, तसंच इथंही शुद्ध करून टाकलं."

प्राध्यापकांनी चहा अर्धा ठेवला. दुकान गेलं ते मी कधीतरी सोडून दिलं असतं. एक पोरगी चुकली, तिचं वय ते काय. पण माझा राग माझा होता. तो मी फुकटात मिळवला नव्हता. तो तिनं खोडून त्या जागी हसू लिहिलं, आणि तिकडे साता समुद्रापलीकडे कोणी तरी ते वाचून मान डोलवत असेल, की पाहा, किती सुखी माणूस. हे मला सोसलं नाही.

त्यानंतर आणखी तीन-चार वर्षं गेली. एके दिवशी दुपारी काकाजी माझ्या दुकानात आला. काठी टेकत. नातीचं लग्न होतं, पाच भांड्यांचा संच पाहिजे होता. आठ-नऊ वर्षांत त्यानं माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. मी त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं, भाव सांगितला. त्यानं कमी मागितला. मी तोंड वाकडं केलं. तो हसला.

"अजून तसंच करते का बे तोंड?"

"धंदा आहे, काकाजी."

तो पितळेचा गुंड मांडीवर घेऊन बसला. बोटानं वाजवत राहिला.

"एक सांगू का? ते तुह्यी जर्मनची बाई. ते जे बोलली होती न, राहाले गेला म्हून. मले तवाच समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"अबे, मी काय लंडनचा होय का? 'जाऊन राहिलो' मले समजत नाही? तू तिले काय म्हणला असशीन अन् तिनं काय घेतलं असंन, मले जागच्या जागी समजलं. पुढं 'येतो म्हणाले पण सगळेच म्हणतात' म्हणली, तवा तं मले हसूच आलं."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मंग?"

"मंग काय? दोन वरीस तू माहा जीव खाल्ला. पत्रे माहे, फरशी माही, झाड मी छाटाचं. त्या दिवशी मी सुपारी घेऊन आलो होतो. खिशातच होती. पन सायकलवरून येता येता एकच इचार करून राहिलो होतो, आता हा काय काढीन. काढलंच असतं तू. काय काढलं असतं, सांग?"

मी खाली ठेवलेला तांब्या पुसायला घेतला.

"सांग न. आता काय जाते."

"दरवाजा," मी म्हटलं.

काकाजी इतका हसला की गुंड मांडीवरून घसरला. "पाह्य! दरवाजा! म्या म्हणलंच होतं. अरे, त्या पोरीनं मले मोकळं केलं. मले बहाना पाह्यजे होता, तिनं हातात देला. कपडेवाला दुसऱ्या बोलण्यात हो म्हणला. दरवाजा बी त्यानंच लावला."

मी त्याला त्या दिवशी एक पैसाही कमी केला नाही. त्यानंही आणखी मागितलं नाही. संच बांधून दिला, तो रिक्षात ठेवून दिला, आणि दुपारी दुकान बंद करून घरी आलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

बायकोला सांगायचं नव्हतं. पण तिनं दुपारी घरी आलेलं पाहून विचारलं आणि मी सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मी तवाच म्हणलं होतं. आंधळगाव का लंकेत आहे."

"म्हणलं होतं."

"आता तं तिले पत्र लिवा. एवढी वर्षं शिव्या देल्या पोरीले."

"शिव्या काही सगळ्याच वाया नाही गेल्या. हसलो म्हणून लिहिलं तिनं."

"ते बी लिवा. अन् हे बी लिवा, काकाजीचं. तिले वाटते तिच्यानं गेली जागा. वर्साच्या वर्साले इचारते, राग गेला का म्हून. ते पोरगी तिकडं अजून तेच घेऊन बसली असंन."

संध्याकाळी मी कागद घेतला. माझं अक्षर चांगलं आहे, सातवीपर्यंत शाळा केली आहे. तिच्या पत्रांसारखी शुद्ध मराठी मलाही येते, पण मी ती वापरली नाही. तिला लिहिलं ते थोडक्यात असं. एक, 'जाऊन राहिलो' म्हणजे जाणं चालू आहे, राहणं नाही. हे तुझ्या विद्यापीठात सांगजो आणि छापून आलेलं दुरुस्त करजो. दोन, मी हसलो नव्हतो. मी पिंपाला लाथ मारली होती. हेही छापजो. तीन, आई मागच्या वर्षी वारली. शेवटपर्यंत तुझी आठवण काढत होती, आणि अवघड शब्द काढून द्यायला कोणी उरलं नाही म्हणायची.

इथपर्यंत सरळ झालं. मग काकाजीचा मजकूर आला आणि हात थांबला. समोरच्याला आपली पडती बाजू स्वतःहून सांगायची नाही, यावर मी उभा राहिलो होतो. चौदाव्या वर्षापासून. त्या पोरीला बाजारात मी याच गोष्टीवरून ओरडलो होतो. कोणी विचारलं म्हणून खरं सांगते का, म्हणून. आता विचारणारी ती होती, दर नववर्षाला, आणि खरं सांगायचं होतं मला.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदाचा किती भाग कोरा आहे ते दिसत होतं.

"लिवलं का जी ते?"

"लिहून राहिलो," मी म्हटलं.

ती दारातच बसली. कागद संपेपर्यंत ती तिथून उठणार नाही, हे मला दिसत होतं. मी दौत जवळ ओढली.